चार सेशननंतर भांडणं वाढली, तर थेरपी थांबवायची का?

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मला काय समजलं ते आधी सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. लग्नाला अकरा वर्षं झाली आहेत, मुलगी नऊ वर्षांची आहे. तुमच्या आग्रहामुळे दोघं कपल थेरपीला गेलात, चार सेशन झाले. तिसऱ्या सेशनहून परतल्यावर घरात जे भांडण झालं, तसं आधी कधीच झालं नव्हतं. मिस्टरांचं म्हणणं, "तिथे माझ्या चुकांची यादी वाचतात. त्यासाठी मी वेळ आणि पैसे का घालवू?" आणि तुम्हाला विचारायचंय की या थेरपीला संशोधनाचा खरंच आधार आहे का, मुलीलाही न्यावं का, पाचव्या सेशनला जावं की इथेच थांबावं, आणि मुळात फार उशीर तर झाला नाही ना.

मी एकोणीस वर्षं जोडप्यांबरोबर आणि कुटुंबांबरोबर हेच काम करते आहे. तुमच्या थेरपिस्टना मी ओळखत नाही, त्या खोलीत काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. त्यामुळे 'जा' किंवा 'थांबा' असं एका शब्दात सांगणं बरोबर होणार नाही. पण तुमच्या सगळ्या लिहिण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मिस्टरांचं वाक्य. चुकांची यादी. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, मला त्यात माहिती दिसते. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे, तिथे खरोखरच यादी वाचली जाते आहे. आठवडाभरात काय काय घडलं ते तुम्ही सांगता, ते त्यांची बाजू मांडतात, थेरपिस्ट दोघांचं ऐकून मधूनमधून निकाल दिल्यासारखं काहीतरी बोलतात. दुसरा अर्थ असा की थेरपिस्ट काम नीट करताहेत, पण मिस्टरांना प्रत्येक बोलण्यात स्वतःवरचा ठपकाच ऐकू येतो. पहिलं खरं असेल तर कामाची पद्धत बदलायला हवी. दुसरं खरं असेल तर हा ठपका ऐकू येणं हेच थेरपीचं काम आहे, त्याला वळसा घालून पुढे जाताच येणार नाही. दोन्हीकडे पुढची पायरी एकच: हे वाक्य घरी बोलून उपयोग नाही, ते थेरपिस्टसमोर बोललं गेलं पाहिजे.

संशोधनाचं आधी सांगून टाकते. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कसून झालेलं काम अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांचं. लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल इथली १३४ जोडपी त्यांनी घेतली, सगळी दीर्घकाळ आणि गंभीर त्रासात असलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला जुनी वर्तनावर आधारलेली पद्धत दिली, म्हणजे बोलण्याची कौशल्यं शिकवायची, एकमेकांसाठी काय करायचं ते ठरवून घ्यायचं. दुसऱ्या गटाला नवी पद्धत दिली. तिच्यात बदलाबरोबरच स्वीकारावर भर होता: जे बदलत नाही त्यामागचं दुखणं समजून घ्यायचं आणि त्यावर मिळून बोलायचं. जास्तीत जास्त २६ सेशन, साधारण वर्षभरात. थेरपी संपताना नव्या पद्धतीतली ७१ टक्के आणि जुन्या पद्धतीतली ५९ टक्के जोडपी स्पष्टपणे सुधारलेली होती. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा सुधारणा टिकलेली जोडपी अनुक्रमे ५० आणि ४६ टक्के होती, आणि दोन्ही गटांतली साधारण पाव जोडपी विभक्त झालेली होती.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना हेच आकडे सांगते, गोड करून सांगत नाही. वर्षानुवर्षं बिघडलेल्या नात्यांपैकी निम्मी पाच वर्षांनंतरही बरी असणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही. पण निम्मी बरी नव्हती, हेही तितकंच खरं आहे. भावनांवर आणि जवळिकीच्या गरजेवर काम करणारी जी पद्धत सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८५च्या सुमारास मांडली, तिच्याबद्दल ७० ते ७३ टक्के जोडपी बरी झाल्याचा आकडा तुमच्या वाचनात येईल. तो १९९९ सालच्या एका आढाव्यातला आहे. त्यामागचे अभ्यास थोडे होते आणि तो आढावा पद्धत घडवणाऱ्यांनीच घेतला होता. पद्धत चांगली आहे, मीही ती वापरते, पण आकडा ऐकताना तो कुठून आला हे माहीत असावं.

तुमच्या चार सेशनच्या दृष्टीने मला त्या १३४ जोडप्यांच्या अभ्यासातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीतली जोडपी सुरुवातीला भराभर सुधारली आणि मग एका पातळीवर अडकून राहिली. नव्या पद्धतीतली हळूहळू, पण शेवटपर्यंत सुधारत गेली. म्हणजे सुरुवातीच्या वेगावरून शेवटचा अंदाज बांधता येत नाही. आणि तुम्ही अकरा वर्षांचं लिहिलंय म्हणून सांगते, याच अभ्यासात लग्नाला जास्त वर्षं झालेल्या जोडप्यांना थेरपीचा फायदा कमी नाही, जास्त झालेला दिसला. एकत्र काढलेली वर्षं ओझं असतात तशी ठेवही असतात. त्यामुळे उशिराची चिंता आत्ता बाजूला ठेवा.

आता यादीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मीही यादी ऐकायचे. पन्नास मिनिटं आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. 'बरं, मग काय झालं?' हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य होतं. मी निःपक्षपाती आहे याचं मला समाधान वाटायचं. एक जोडपं तिसऱ्या सेशननंतर आलंच नाही. मी फोन केला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "घरी जे भांडतो तेच तुमच्यासमोर भांडलो. फरक इतकाच की तुमच्यासमोर शब्द जपून वापरले." ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण तिचं बरोबर होतं. त्यांचं भांडण मी ऐकलं होतं, पण ते भांडण चालतं कसं, हे मी पाहिलंच नव्हतं.

पाहणं म्हणजे काय ते एका प्रसंगातून सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलेली. मुलाला ताप होता तेव्हा आपण रात्रभर एकटीच जागी होतो, हे ती सांगत होती. सांगता सांगता आवाज चढला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, मांडीवर ठेवलं आणि पट्टा उलटसुलट करायला लागला. ती लगेच माझ्याकडे वळली, "बघा. हे असंच. भिंतीशी बोलते मी." त्याची मान आणखी खाली गेली. हे सगळं जेमतेम वीस सेकंदांत झालं. मी तिला थांबवलं आणि त्याला विचारलं, "घड्याळ काढलंत तेव्हा आत काय चाललं होतं?" बराच वेळ तो काहीच बोलला नाही. ती बोलायला निघाली, मी हातानेच थांबायची खूण केली. शेवटी तो म्हणाला, "छाती धडधडत होती. वाटलं, आता काहीही बोललो तरी चुकीचंच ठरणार. गप्प बसलो तर निदान वाढणार तरी नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, तुला काही पडलेलीच नाही."

मी एका कोऱ्या कागदावर गोल काढला आणि त्यांचेच शब्द त्यावर लिहिले. ती एकटी पडते, तिचा आवाज चढतो, त्याला आपण नापास झालो असं वाटतं, तो मिटून जातो, ती आणखी एकटी पडते. कुठूनही सुरुवात करा, फिरून तिथेच येतं. ती म्हणायची सुरुवात त्याच्या गप्प बसण्यापासून होते, तो म्हणायचा तिच्या आवाजापासून. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे गुन्हेगारही सापडत नाही. सेशन संपल्यावर घड्याळ परत बांधताना त्याने विचारलं, "हा कागद मी ठेवू का?" त्यांच्या थेरपीतला खरा बदल त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते. तापाच्या रात्री कोण जागं होतं याचा निकाल आम्ही कधीच लावला नाही.

या चक्रावर संशोधनही भरपूर झालं आहे. एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो. क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये दाखवलं की विषय पत्नीला हव्या असलेल्या बदलाचा असेल तर पत्नी मागे लागते आणि पती मागे सरतो, हे जास्त दिसतं. पण विषय पतीला हव्या असलेल्या बदलाचा असला की तो फरक उरत नाही. म्हणजे 'बायकांना किरकिर करायची सवयच असते' किंवा 'पुरुषांना भावनाच नसतात' ही दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. ज्याला आहे त्या परिस्थितीत त्रास होतो तो दार वाजवतो, ज्याचं आहे त्यात भागतं तो दार लावून घेतो.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी तर भांडणाऱ्या जोडप्यांच्या शरीराची मोजमापं घेतली. गॉटमन यांचं नाव 'घटस्फोट होईल का ते नव्वद टक्के अचूक सांगतात' अशा मथळ्यांमुळे गाजलं. त्या भाकितांवर रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्ये रास्त आक्षेप घेतला: ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं, तर अचूकता फुगलेली दिसणारच. म्हणून भाकितं बाजूला ठेवा. माझ्या रोजच्या कामाला उपयोगी पडली ती शरीराची गोष्ट. गॉटमन यांच्या म्हणण्याप्रमाणे, भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं ऐकू येतं पण आत पोचत नाही. बाहेरून तो दगडासारखा दिसतो आणि आत मात्र गाडी पूर्ण वेगात असते. तुमचे मिस्टर भांडणात गप्प होत असतील तर हे एकदा डोक्यात ठेवून पाहा. कदाचित तुम्हाला दिसतो तो निगरगट्टपणा नसेलही.

मग तिसऱ्या सेशननंतर भांडण का पेटलं? नेमकं कारण त्या दिवशी काय बोलणं झालं त्यावर अवलंबून आहे, पण माझ्या अनुभवात दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली म्हणजे बरीच वर्षं दाबलेलं काहीतरी बाहेर येतं आणि तेवढ्यात वेळ संपते. जखम उघडी ठेवून दोघं एकाच गाडीत बसून घरी जातात. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी नवीन काहीही उघडू देत नाही. आज काय जड गेलं, काय बरोबर घेऊन चाललो, एवढंच. तुमच्या सेशनमध्ये असं होत नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सेशनमधलं वाक्य घरी हत्यार होतं. 'बघ, त्यासुद्धा हेच म्हणाल्या.' हे वाक्य तुमच्या घरात उच्चारलं गेलं असेल, कोणाच्याही तोंडून, तर मिस्टरांना ती खोली कोर्टासारखी का वाटते याचं निम्मं उत्तर मिळालं. मी जोडप्यांकडून एक कबूल करून घेते: सेशनचा विषय त्या दिवशी घरी काढायचा नाही. आणि एरवीही भांडण तापलं की थांबायचं, पण 'अर्ध्या तासाने बोलू' असं सांगून थांबायचं आणि खरंच परत यायचं. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. न सांगता उठून जाणं म्हणजे पुन्हा तेच दार लावून घेणं झालं.

चार सेशन या आकड्याबद्दल आणखी एक. क्रिस्टेन्सन आणि जेकबसन यांच्या नव्या पद्धतीत पहिलं सेशन एकत्र असतं, मग प्रत्येकाशी एकेकदा स्वतंत्र बोलणं, आणि त्यानंतर थेरपिस्ट दोघांना समोर बसवून सांगतो की तुमच्या नात्याचं मला असं असं चित्र दिसतं आणि मी काम असं करणार आहे. मीही साधारण असंच करते. म्हणजे चौथ्या भेटीपर्यंत तुमच्या हातात निदान एक आराखडा असायला हवा होता. स्वतंत्र भेट झाली का? आराखडा कुणी सांगितला का? तुमच्या लिहिण्यात याचा उल्लेख नाही. नसेल झालं तर मला त्याची काळजी वाटते, आणि मिस्टरांच्या तक्रारीत तथ्य असण्याची शक्यता वाढते.

स्वतंत्र भेटीचा आग्रह मी का धरते तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून मी गृहीत धरत नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मनात आलेलं बोलायची तुम्हाला भीती वाटते का? सेशनमध्ये काय बोललात त्याची घरी शिक्षा मिळेल असं वाटतं का? मायकल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये जोडप्यांमधल्या हिंसेचे दोन वेगळे प्रकार मांडले. एकात भांडण हाताबाहेर जाऊन हात उगारला जातो. दुसऱ्यात एक माणूस दुसऱ्यावर सतत ताबा ठेवतो: पैसा, फोन, येणंजाणं, माणसं, सगळ्यावर. मारहाण हे त्यातलं केवळ एक साधन असतं. हा दुसरा प्रकार असेल तर एकत्र थेरपी करू नये, असं मी ठामपणे सांगते. तिथे 'चक्र' नसतं. मघाशी मी म्हटलं की गोलात गुन्हेगार सापडत नाही, ते वाक्य तिथे लागू करणं हा अन्याय होईल. त्या बाबतीत आधी सुरक्षितता, स्वतंत्र मदत, कायदेशीर सल्ला. आणि भीतीची गोष्ट दोघं शेजारी बसलेले असताना कुणीच खरी सांगत नाही, म्हणून स्वतंत्र भेट.

दुसरी परिस्थिती अशी की दोघांपैकी एकाचा पाय आधीच दाराबाहेर आहे. एकाला नातं दुरुस्त करायचंय, दुसरा मनातल्या मनात निघायचं ठरवून फक्त 'प्रयत्न केला' म्हणायला आलाय. अशा जोडप्याला नेहमीची थेरपी दिली की ती अडकतेच. मिनेसोटा विद्यापीठातले बिल डोहर्टी यांनी यासाठी वेगळी, जास्तीत जास्त पाच भेटींची पद्धत बसवली आहे. तिच्यात नातं सुधारायचा प्रयत्नच करत नाहीत. थांबायचं, निघायचं, की ठरावीक काळ मनापासून थेरपी घ्यायची, एवढ्याच निर्णयाला स्पष्टता आणतात. मिस्टर थेरपीला नको म्हणताहेत की लग्नाला, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? मला तुमच्या लिहिण्यावरून ते थेरपीला नको म्हणताहेत असं वाटतं, पण विचारा. तिसऱ्या व्यक्तीशी संबंध आजही चालू असेल आणि तो लपवलेला असेल, तरीही हीच अडचण येते. दारूचा प्रश्न किंवा दोघांपैकी एकाला डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार बरोबरीने चालायला हवेत. तिथे जोडीदाराला सोबत घेऊन केलेल्या कामाचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे.

मुलीला न्यायचं का? तुमच्या जोडप्याच्या सेशनमध्ये, नाही. तिच्या वागण्यात, झोपेत, शाळेत काही बदल दिसत असेल तर कुटुंब म्हणून वेगळं सेशन घेता येतं. ते काम वेगळं असतं आणि फार चांगलं होऊ शकतं. पण आईबाबांच्या भांडणाचा साक्षीदार म्हणून मुलाला त्या खोलीत बसवू नये. मरे बोवेन यांनी त्रिकोणाची कल्पना मांडली: दोघांमधला ताण असह्य झाला की ते नकळत तिसऱ्याला ओढतात. घरात तो तिसरा बहुतेक वेळा मूल असतं. 'बाबांना सांग जेवण झालंय' इथून ते सुरू होतं. मला एक आठ वर्षांचा मुलगा आठवतो. कुटुंबाच्या सेशनमध्ये आईबाबांचा आवाज जरासा चढला की तो उठून पाणी मागायचा. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा बाटली भरलेलीच होती. मी ती बाटली उचलून आईबाबांना नुसती दाखवली. त्याला तहान लागलेली नव्हती, हे दोघांनाही समजलं.

मार्क कमिंग्स यांच्या अभ्यासांतून एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली आहे. मुलांना भांडण दिसण्यापेक्षा न मिटलेलं भांडण जास्त त्रास देतं. मोठ्यांचं भांडण मिटलेलं पाहिलं की मुलांची अस्वस्थता बरीच कमी होते. समोर मिटलं नाही पण 'आमचं मिटलं' असं नंतर सांगितलं, तरीही फायदा दिसतो. तिसऱ्या सेशननंतरचं ते मोठं भांडण तुमच्या मुलीने ऐकलं असेल, तर त्याबद्दल तिच्याशी दोन वाक्यं बोलायला आजही उशीर झालेला नाही. 'आम्ही जोरात भांडलो, तुझ्यामुळे नाही, आणि आम्ही ते सोडवायला मदत घेतोय.' शक्यतो दोघांनी मिळून सांगा.

मुलांवरून आणि दोषावरून एक विषयांतर करते, कारण मिस्टरांची भीती निराधार नाही. आमच्या क्षेत्रानेच एके काळी कुटुंबावर भयंकर ठपके ठेवले आहेत. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी मुलाच्या स्किझोफ्रेनियामागे एका विशिष्ट प्रकारची आई असते अशी कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांना त्या आजाराशी जोडलं. कितीतरी आयांनी आयुष्यभर तो दोष वाहिला, आणि पुराव्याने तो कधीच सिद्ध झाला नाही. पुढे संशोधन वेगळ्या दिशेने गेलं. घरात टीका आणि ताण कमी झाला, कुटुंबाला आजाराची नीट माहिती मिळाली, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं. तेच कुटुंब, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून मदतनीस म्हणून बोलावलेलं. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, झालेल्या किशोरवयीन मुलांबाबत लंडनमधल्या मॉड्स्ली हॉस्पिटलचा १९८७चा अभ्यासही तेच सांगतो: आईवडिलांना उपचारात पुढे आणल्यावर लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि तो फार जुना न झालेल्या मुलांना जास्त फायदा झाला. दोषी ठरवलेला माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो, बदलायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. नवऱ्यालाही हे लागू आहे, बायकोलाही.

इथवरचं एकदा जुळवून घेते. थेरपीला आधार आहे, हमी नाही. चार सेशनवरून निकाल लावता येत नाही, पण काम कसं चाललंय हे विचारायला चार सेशन पुरेसे आहेत. भीती किंवा ताबा असेल तर एकत्र थेरपी नको. निघायचं की राहायचं हेच ठरलेलं नसेल तर आधी ते. यातलं काही नसेल तर माझा सल्ला आहे, पाचव्या सेशनला जा, पण पहिल्या चारसारखं जाऊ नका.

जायच्या आधी थेरपिस्टना कळवा की आठवड्याचा वृत्तांत या वेळी नको, थेरपीबद्दलच बोलायचंय. तिथे गेल्यावर मिस्टरांनी त्यांचं वाक्य त्यांच्या शब्दांत सांगावं. मग विचारा: आमच्या दोघांमध्ये तुम्हाला काय चित्र दिसतं, काम कशावर करायचं, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कसं मोजणार? या शेवटच्या प्रश्नाला ठोस आधार आहे. नॉर्वेत मॉर्टन अँकर, बॅरी डंकन आणि जॅकलिन स्पार्क्स यांनी २०५ जोडप्यांवर एक चाचणी केली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. थेरपिस्ट तेच होते. फक्त काही जोडप्यांकडून प्रत्येक सेशनला दोन छोटे फॉर्म भरून घेतले: आठवडा कसा गेला आणि आजचं सेशन कसं वाटलं. थेरपिस्ट ते तिथल्या तिथे पाहायचे. त्या गटात दोघांमध्येही ठळक सुधारणा झालेली जोडपी इतरांपेक्षा जवळपास चौपट निघाली. तेव्हापासून मीही कागद पुढे करते. कितीतरी वेळा त्या कागदावरूनच मला कळलं की दोघांपैकी एकाला मी दुसऱ्याच्या बाजूची वाटते आहे. तोंडावर कुणी सांगितलं नसतं.

थेरपिस्टनी मिस्टरांचं वाक्य ऐकून त्यात रस घेतला, 'केव्हा केव्हा असं वाटलं ते सांगा' म्हणाले, स्वतःचं काही चुकलं असेल तर मान्य केलं, तर तिथेच राहा आणि आणखी सहा सेशन द्या. स्वतःचा बचाव केला, किंवा 'यांना बदलायचंच नाही' असं सुचवलं, तर दुसरे थेरपिस्ट शोधा. त्यात संकोच नको, आणि आधीचे चार सेशन फुकट गेले असंही नाही. नवीन ठिकाणी फोनवरच विचारा की जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का. एकेका माणसाबरोबर उत्तम काम करणारे थेरपिस्ट दोघं समोर आले की अनेकदा पंच होऊन बसतात.

राहिलं मिस्टरांना हे सांगायचं कसं. 'एकांनी लिहिलंय की तुझंही बरोबर असू शकतं' असं म्हणून मी लिहिलेला यादीबद्दलचा भाग त्यांना वाचायला दिलात तरी चालेल. पण माझ्यापेक्षा तुमचं वाक्य जास्त काम करेल: "तुला तिथे आरोपीसारखं वाटतं हे मी तक्रार म्हणून ऐकलं, नीट ऐकलं नाही. पाचव्या वेळी आधी तू बोल, मी मध्ये बोलणार नाही." आणि त्या दिवशी ते बोलताना थांबले, घड्याळाकडे बघायला लागले, तर ती शांतता तुम्ही भरू नका. थोडं थांबा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या.